साखरेच्या पुडीची तारीफ

परमेश्वरनं खिशातून गोळ्यांची बाटली काढली आन् मी गर्दीतनं वाट काढत त्याच्याकडं निघाले.

युसूफवडगावचा बाजार भरलेला. जीपच्या टपावर कर्णा, आन् खाली गळ्यात डाक्टरची नळी घातलेला एक दवावाला समद्या आजारांवर म्हनून पांढऱ्या पुड्या इकत व्हता. त्याच्या हातातल्या मोबाईलात कोन बोलत व्हतं? माझी नात वैष्णवी!

वैष्णवी पुन्याला प्रयोगशाळेत हाय. संक्रांतीला आलती, तवा गावच्या शाळेत चार शब्द बोलली. "साखरेपासून बनवलेल्या पदार्थानं एचआयव्हीचा विषाणू पेशीच्या दारातच अडवता येतो." मोबाईलात येवढंच. पुढचं कुनीतरी कापलेलं.

घरी मला तिनं समदं समजावलं व्हतं. विषाणू पेशीला चिकटतो, मगच आत शिरतो. तिच्या प्रयोगशाळेतला पदार्थ त्यालाच आधी चिकटून बसतो.

"म्हंजी लग्नात करवली दार अडवती तसं?" मी इचारलं.

"करवली वचन घेऊन सोडती, आज्जी. हिनं सोडायचंच न्हाई."

परमेश्वर माझ्या धाकट्या दिराचा नातू. टेम्पो चालवतो. त्याला तो आजार हाय, हे त्याला, त्याच्या बायकोला करिष्माला आन् मला, तिघांनाच ठावं. रोजच्या गोळीवर पोरगं ठनठनीत, करिष्मालाबी काई झालं न्हाई. आन् आज सकाळी करिष्मा रडत आली. "आज्जी, त्यांनी गोळी सोडली. बाजारात त्या पुडीवाल्याकडं गेलेत."

मी वैष्णवीला फोन लावला, कुनाचं नाव न घेता इचारलं. ती वरडलीच. "आज्जी, आमचं काम अजून काचेच्या ताटलीत चाललंय! मानसाला दिलेलं न्हाई! गोळी सोडली तर दबलेला विषाणू उठंल. आजच्या आज घ्यायला लाव, आन् उद्या दवाखान्यात ने!"

"जुन्या गोळ्या ह्या बादलीत टाका," दवावाला कर्ण्यातून सांगत व्हता, "तरच पुडी लागू पडंल!" लोक बीपीच्या, शुगरच्या गोळ्या टाकत व्हते. परमेश्वरच्या म्होरं दोघंच उरलेले.

मी त्याचा दंड धरला. "परम्या, चल घरी."

"आज्जे, तू जा. लपूनछपून गोळी खाऊन इटलोय मी."

"आरं, वैष्णवी म्हन्ती..."

"वैष्णवीच तर सांगून ऱ्हायली तिथं!"

"ते कापलेलं हाय."

"तू तर नगंच सांगू. तुझ्या म्हशीनं बिबट्याला चीत केलं म्हनं!"

म्हनलेच व्हते मी तसं. बिबट्या जरा लहान व्हता, ते येगळं.

वरडून खरं सांगावं, तर समद्या बाजाराला त्याचा आजार कळनार. करिष्माला गावात कोन जगू देईल? आन् गप बसावं, तर बाटली बादलीत. म्होरला मानूस सरकला.

मी तशीच जीपच्या पायरीवर चढले.

"दवावाले, लई गुन हाय तुमच्या पुडीला!"

दवावाला खूश. "बोला मावशी, बोला!" माईकच दिला हातात.

"गेल्या बाजारी एक पुडी खाल्ली. सकाळी उठते तर तोंडात बत्तीस दात! अर्धी म्हशीला चारली, तर ती बासुंदी देऊन ऱ्हायली, वेलदोड्यासगट!"

फळवाला नबी वरडला, "अरे, ये तो अपनी सुंदरआपा! बिबट्यावाली!"

"चिमूटभर हिरीत सांडली, तर आमचे मेलेले मालक वर आले, च्या मागाया लागले!"

"फिर चाय दिये क्या, आपा?"

"कशाचा दिऊ? घरची साखर ह्यांच्या पुडीत गेली!"

बाजार फुटला हसून. दवावाल्याचं तोंड उतरलं. "म्हातारे, खाली उतर!" त्यानं माईक हिसकला. गर्दीतल्या केशरबाईनं बादलीत हात घालून आपली शुगरची पट्टी काढून घेतली. "सुंदरी जिची तारीफ करती, ती चीज मी उकिरड्यावर बी टाकनार न्हाई!"

समदे हसत व्हते. मी परमेश्वरच्या मुठीकडं बघत व्हते. मूठ बादलीवर तशीच व्हती. मंग त्यानं बाटली खिशात घातली आन् माझ्याकडं न बघता चालू लागला.

धापा टाकत मी टेम्पोपशी पोचले. तो आत बसलेला, डोळे लाल.

"आज्जे, खरं सांग. वैष्णवीचं औषध कवा येईल?"

जीभ लई वळवळली. पुढच्या म्हैन्यात इमानात बसून येतंय, आसं सांगावं वाटलं.

"न्हाई ठावं रे. येईल का, ते बी न्हाई ठावं. तोवर ही गोळीच हाय."

"आन् रोज लपून खायची?"

"आज नगं लपू. मी हाय की."

पानी न्हवतं. नबीकडनं कलिंगडाची फोड आनली. परमेश्वरनं गोळी तोंडात टाकून घास घेतला. मी त्याच्या गळ्याकडं टक लावून बसले.

"गिळली गं!" तो खेकसला. "कावून बघती येवढं? बस आता. आन् उद्या बीडच्या दवाखान्यात तू बी यायचं. डाक्टरच्या शिव्या खायाला एकटा न्हाई जानार मी."