धिंगरीच्या खोलीला कुलूप

माझ्या सुनेनं माझ्याच घरातल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आता सांगा, ही काय रीत झाली? त्या खोलीच्या भिंतींची माती मी माझ्या पायांनी तुडवली आहे. आमच्या सौंदड गावात या लीलाबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. आणि ही रीना, सहा वर्षं झाली लग्नाला, पण मला कालच आल्यासारखी वाटते, ती मला म्हणते, "मामीजी, आतमंदी जायचं नाई."

आमच्याकडे सुना सासूला मामीजी म्हणतात. म्हणणं गोड, वागणं तिखट.

मी चौथी शिकले. पण झालं ते झालं तसंच लिहीन. माझी बाजू झाकून लिहायचं असतं तर वही कशाला घेतली असती!

रीनानं हाती घेतलं ते बुडालं, असंच चाललं होतं. शिवणकाम शिकायला गेली, तर क्लास बंद पडला. कोंबड्या पाळल्या, तर एका आठवड्यात सगळ्या माना टाकून मोकळ्या. अंगणवाडीसाठी दोनदा मुलाखत दिली, दोनदा दुसरीचंच नाव लागलं. मग बचत गटातर्फे गोंदियाला पाच दिवस शिकून आली, धिंगरी, म्हणजे मशरूम, पिकवायचं. पावसाळ्यात रानात छत्रीसारख्या सात्या निघतात ना, त्यांची ही घरगुती बहीण. धानाच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, वाढते. तणीस कापून भिजवायचं, गरम पाण्यातून काढून निथळायचं, पिशवीत तणसाचा थर, बियाण्याचा थर असं भरून तोंड बांधायचं आणि अंधाऱ्या खोलीत टांगायचं. वीसेक दिवसांत पिशवी आतून पांढरी झाली की पीक आलं समजा.

तिला ते पीक कशासाठी पाहिजे होतं, ते मला ठाऊक होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत धान निघालं की कापणीचा सण होतो. ज्यानं त्यानं आपल्या हातचं पहिलं पीक प्रभूपुढे आणून ठेवायचं. कोणी धान आणतं, कोणी वांगी, कोणी भोपळा. सहा वर्षं रीना माझ्या टोपलीमागे रिकाम्या हातानं उभी राहिली. मागच्या सणाला मंडळीतल्या सुशीलाबाईनं विचारलंच, "काय वं रीना, तू सासूची टोपली पाह्यलेच येते का?" रीना हसली. घरी येऊन चुलीपाशी डोळे पुसले. म्हणाली धूर लागला. चूल विझलेली होती.

यंदा सणाआधी तिनं वीस पिशव्या टांगल्या. दहा दिवसांत हिरव्या बुरशीनं खाल्ल्या. नाल्यापाशी खड्डा करून पुरल्या. पुन्हा वीस टांगल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. राजदीप, माझा मुलगा, कोहमाऱ्याला गॅरेजात असतो. तो म्हणाला, "सोड ना आता. आपल्या नशिबात नाई."

मी नशीब मानत नाही, मी प्रभूला मानते. म्हणून रविवारच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या सुनेसाठी प्रार्थना करा. तिच्या हाताले यश नाई, काऊन का तिचा विश्वासच कमी हाये."

रीनाची मान खाली गेली ती गेलीच. ओमेश पास्टरांनी प्रार्थना केली, पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लीलाबाई, पोरगी तीनदा पडली अन् अजून उभी हाये. विश्वास अजून कसा रायते?"

मी म्हटलं, "तुमी उपदेश करा, घर मी पाहीन."

माझ्या मनात कपट नव्हतं. मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, तशीच मी दर खेपेला केली होती. पिशव्या टांगल्या की दुसऱ्या दिवशी रीना पाण्याला गेली रे गेली, मी गुरांच्या कोठ्यातलं शेण काढून खोलीत जायची. बाहेरून प्लास्टिकवर हात ठेवून काय उपयोग? आजाऱ्याला आपण गोधडीवरून हात लावतो का? म्हणून एकेका पिशवीचं तोंड सोडायची, प्रार्थनेच्या तेलाचं बोट लावायची, तणसावर सगळा तळवा दाबून ठेवायची आणि म्हणायची, "प्रभू, वाढव." मग तोंड बांधून पुढची पिशवी. वीस पिशव्या, वीस प्रार्थना. हात? पदराला पुसलेले होते की!

सभेच्या दुसऱ्या दिवशी रीनानं तिसऱ्या खेपेतली एक सडकी पिशवी पुरण्याआधी अंगणात उन्हात आणली आणि बाजूनं उभी फाडली. बाकीचं तणीस पांढरं होऊ घातलेलं. फक्त वरच्या अंगाला हिरवं, आणि तिथून खाली उतरत चाललेलं. ती वाकून पाहत राहिली. मग मला हाक मारली.

"मामीजी, या इकडं. तुमचा हात दाखवा बरं."

"कायले?"

"दाखवा तं."

तणसावर हिरव्या बुरशीचा हात उमटला होता. तळवा, अंगठा, चार बोटं. करंगळीशेजारचं बोट अर्धं. माझं ते बोट धान कापताना विळ्यानं गेलं, त्याला तीस वर्षं झाली. सौंदडात तसा हात दुसरा नाही.

मी म्हटलं, "बुरशीचं काय, कसाही आकार घेते."

रीना भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला कोणी हरवत नाही. ती उठली, हात धुतले आणि चौथ्या खेपेचं तणीस कापायला बसली. सणाला महिना उरला होता. राजदीपला इतकंच म्हणाली, "हे शेवटचं. हे गेलं तर मी पुन्हा कायलेच हात लावणार नाई." आणि पिशव्या टांगल्या त्या दिवशी खोलीला कुलूप लागलं.

तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. सुशीलाबाईकडे जाऊन म्हणाले, "सून मले प्रार्थना करू देत नाई." सुशीलाबाई म्हणाली, "माय वं! घोर कलियुग." मला बरं वाटलं, पण घरी येईस्तोवर ते बरं वाटणं टिकलं नाही. पाणी घेताना माझंच अर्धं बोट दिसायचं.

चौथ्या दिवशी सकाळी रीना कुलूप काढून पाणी शिंपडायला आत गेली, आतून कडी लावली, तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले. रीना आतून म्हणाली, "मामीजी, तुमी बाहेरूनच प्रार्थना करा ना. प्रभूनं दार लावून प्रार्थना करा म्हणलं, ते कोणासाठी म्हणलं?"

पोट्टी जिभेनं माझ्यावर गेली आहे. कुठून शिकली, ते मला माहीत आहे.

मी पाट आणला, दाराला पाठ लावून बसले. हात कुठे ठेवावे कळेना. शेवटी पदरात गुंडाळून मांडीवर धरले आणि मोठ्यानं म्हणाले:

"प्रभू येशू, या पोरीनं चार वेळा पेरलं. तीन वेळा का बुडालं, ते तुले माहीत हाये, मलेबी माहीत हाये. तिच्या माथ्यावर मी उगाच बोल लावला. मले क्षमा कर. माहे हात मी बांधून ठेवले, आता तुहे हात चालव. ती थकली हाये, पण उठून राहिली. तिले पडू देऊ नोको. अन् पडली तर तिले उचलाची बुद्धी पहिले मले दे."

आत पाणी शिंपडायचा आवाज थांबला. मग आतून आलं, "आमेन."

मग रोज तसंच. शेण काढून झालं की हात धुवायचे, पाट टाकायचा. बाहेर मी, आत ती. माझी प्रार्थना लांबली की आतून आवाज यायचा, "मामीजी, आवरा, मले बाहेर याचं हाये." दहावा दिवस गेला. मी विचारायची नाही, ती सांगायची नाही. अठराव्या दिवशी ती दार उघडून बाहेर आली, पिशवी हातात. दुधासारखी पांढरी. मी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. ती हसली. या वेळी धूर नव्हता.

सणाच्या सकाळी खोलीत जायची वेळच आली नाही माझ्यावर. रीनानं कोवळे झुबके तोडून टोपली भरली, कडेपर्यंत, करड्या पांढऱ्या फुलांसारखी. मी माझी धानाची टोपली उचलली आणि तिला म्हटलं, "तू पुढं हो."

मंडळीत सगळे वळून पाहू लागले. सुशीलाबाई कुजबुजली, "हे का होय वं?" रीनानं टोपली प्रभूपुढे ठेवली आणि मागे सरकून माझ्या मागे उभी राहू लागली. मी तिला दंडाला धरून पुढे ओढली. ओमेश पास्टर म्हणाले, "कोणाले साक्ष द्यायची हाये?" रीना माझ्याकडे पाहू लागली. मग मी बोलले. ज्या जागी तिची मान खाली घातली होती, त्याच जागी उभी राहून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले.

"रीना, वर पाह्य. मान खाली घालाचे दिवस सरले. मी इथंच म्हणलं होतं का तुहा विश्वास कमी हाये. खोटं होतं ते. विश्वास तुहा भरपूर होता, शेणाचे हात माहे होते. तीन खेपा मी सडवल्या, चौथी तू प्रभूच्या भरवशावर उभी केली. आता प्रीतिभोजनात हे लोक तुह्या धिंगरीचा रस्सा खातील, अन् सुशीलाबाई दोनदा मागून खाईल, पाह्यजो. अन् ते कुलूप काढू नोको बरं! लीलाबाईले कुलूप लावाची हिंमत आजवर कोणाची झाली नाई. तुही झाली. तूच होय या घरची पुढची मालकीण."