मास्तरचा ताबा

निकाल लागला आणि चष्मेवाला कायद्याने मास्तरचा नातेवाईक झाला. वर्षानुवर्षं एका घरात राहून, एकमेकांची दुखणीखुपणी काढून जे जमलं नव्हतं, ते घटनापीठाने एका सकाळी करून टाकलं. सोबत राहणारा जोडीदार म्हणजे घरचंच माणूस. तो पुरुष आहे म्हणून त्याला दूर सारणं हा भेदभाव, असं पाचही न्यायमूर्ती म्हणाले. वकीलबाईंना रडू कोसळलं. खटला संपेपर्यंत मास्तर शवागारात थंडीत पडून होता, आणि कोर्टाला काही घाई नव्हती.

मास्तर वर्गात शिकवता शिकवता कोसळला होता. चष्मेवाला दुकान उघडं टाकून धावला, पण नेमक्या तेव्हाच गावाहून आलेल्या मास्तरच्या आईने हॉस्पिटलच्या खोलीच्या दारातच सांगितलं, "हा भाडेकरू आहे. आत सोडू नका." झालं! भाडेकरू बाहेर बाकावर बसला आणि मास्तर आत गेला. मग आई त्याचं प्रेत गावी न्यायला निघाली. "त्या गावात मला मेल्यावरसुद्धा नेऊ नकोस," असं सांगून मास्तरने चष्मेवाल्याकडून शब्द घेतला होता. त्या एका शब्दासाठी त्याने कोर्टाचे उंबरे झिजवले.

शवागारात आज त्याला कुणी अडवलं नाही. कर्मचाऱ्याने सही घेतली आणि म्हणाला, "बाहेर एक आजी आहेत. तोंड बघायचं म्हणतायत. तुम्ही हो म्हणालात तरच सोडतो."

बसू दे बाकावर, कळू दे जरा, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. त्याने तिला बराच वेळ बसवलंही, खोटं कशाला बोला! मग मान हलवली.

म्हातारी आत आली. लेकाच्या कपाळावर हात ठेवला आणि गारठ्याने चटकन मागे घेतला. चष्मेवाल्याला तिची दया आली. रागावलेल्या माणसाला येते तशी, नाइलाजाने. गाडीत तिलाही घ्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. मग इतके दिवस जिवाला खात असलेलं त्याने विचारलं.

"शुद्ध होती का त्याला?"

"होती."

"काही बोलला?"

म्हातारीने पदर तोंडाशी धरला. "तुला बोलवा म्हणत होता. सारखं. नर्सबाई बिचारी उठलीसुद्धा तुला हाक मारायला."

"मग?"

"मी म्हटलं, तापात बडबडतोय. तू आला असतास तर त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नसतं रे. शेवटी तरी माझा असू दे, असं वाटलं."

म्हणजे मधे नुसतं एक दार होतं. तो बाकावर हात चोळत बसला होता आणि आत मास्तर त्याची वाट बघत होता. ते दार आता कुठलं घटनापीठ उघडणार?

मास्तरला शववाहिकेत ठेवलं. म्हातारी मागोमाग आली आणि पायरीपाशी उभी राहिली.

"आजींना घ्यायचं ना?" ड्रायव्हरने विचारलं.

मास्तरने आधी आईला हात देऊन वर घेतलं असतं. कितीही भांडला तरी तो तसाच होता, हे चष्मेवाल्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने आत चढून म्हातारीच्या तोंडावर दार ओढून घेतलं. "चला," तो म्हणाला.