आठ वाजताचं कलम

"कलम गाळलंस? तू?" फोर्तुनाताने दारातूनच विचारलं.

"आत तरी ये, कोमाद्रे. शेजारी ऐकतायत," बासिलिया म्हणाली.

रविवार होता, फोर्तुनाताची आठवड्यातली एकुलती सुट्टी. सकाळी रेडिओवर ऐकलं आणि या स्वयंपाकीणबाई दोन गाड्या बदलून थेट इथे आल्या. घरकामगारांचा कायदा झाला होता. पण 'रात्री आठनंतर कामाला हाक मारायची नाही' हे कलम उडालं होतं. उडवायची सूचना खासदार बासिलिया किस्पेची!

मेलीला खासदार केलं कुणी? फोर्तुनातानेच. सुट्ट्यांवर पाणी सोडून ला पास शहरात मतं मागत दारोदार हिंडली. एका मालकिणीकडे दोघी अकरा वर्षं एकाच खाटेवर निजल्या, सिंकखाली नोकरांसाठी वेगळा ठेवलेला एकच पत्र्याचा पेला दोघींनी तोंडाला लावला. फोर्तुनाताच्या लेकीच्या जावळाची पहिली बट बासिलियाने कापली आणि तिची धर्मआई झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे.

"समजून घे गं. माझ्या सभा असतात, घरात नातू आहे. रात्री मूल तापलं, तर ताप काय घड्याळ बघून येतो?"

फोर्तुनाता गारच पडली. हे वाक्य त्यांच्या जुन्या मालकिणीचं होतं, जसंच्या तसं.

"आपण मालकिणीकडे होतो तेव्हा एका रात्री माझी लेक तापली होती, बासिलिया. आणि मी मालकिणीच्या पोराचे पाय चेपत बसले होते. पोरीचा कान गेला. हे कलम तूच रडत रडत लिहून घेतलंस ना?"

"तेव्हाचं वेगळं होतं. आमची हिलारिया तर घरचीच आहे, विचार तिला! हिलारिया, चहा आण, चांगल्या कपात!"

फोर्तुनाता उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. तिशीची हिलारिया ओट्याशी उभ्या उभ्या चहा पीत होती, पत्र्याच्या पेल्यातून.

"आज सुट्टी नाही?"

"सेन्योराबाईंकडे पाहुणे यायचेत, ताई. बसा ना, कप आणते."

"कप राहू दे. असला पेला आणखी आहे?"

"एकच आहे."

"मग अर्धा मला दे."

हिलारिया बावचळली, पण तिने पेला पुढे केला. दोघींनी आळीपाळीने घोट घेतले. दारात उभं राहून बासिलिया बघत होती.

"कोमाद्रे..." ती म्हणाली.

फोर्तुनाताने पेला विसळला, शालीला पुसला आणि न विचारताच सिंकखालच्या फळीवर पालथा घातला. त्याची जागा तिला माहीत होती.