पुडीआडचा सहावा पोर्ट

मित्रांनो, मी तैवानातल्या शिन्चू शहरातला एक जुना तपासनीस आहे. माणूस नव्हे, यंत्र. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "याचा शब्द म्हणजे शब्द!" ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जियानदादाच्या पेटीची गोष्ट त्यांना ठाऊक असती तर ते असं म्हणाले नसते. तुम्हाला मात्र सांगतो.

संगणक एकमेकांशी तारांतून बोलतात. एका तारेतून आलेलं बोलणं दुसऱ्या तारेत पोचवायला मधे एक पेटी लागते. तिला स्विच म्हणतात. ती चोख आहे की वाटेत बोलणं सांडते, हे बघणं माझं काम. माझ्या तोंडावर आठ खाचा आहेत, त्यांना पोर्ट म्हणायचं. एका पोर्टातून मी पेटीच्या पोटात ढीगभर निरोप ढकलतो आणि दुसऱ्या पोर्टातून ते मोजून परत घेतो. एकही कमी भरला नाही तर पेटी पास.

पण पोर्ट म्हणजे नुसतं भोक नव्हे. समोरची पेटी बदलली की पोर्ट नव्यानं लावावा लागतो. किती वेगानं बोलायचं, कुठल्या पत्त्यानं बोलायचं, आणि मुख्य म्हणजे बोलता बोलता ऐकायचं की समोरचा गप्प होईपर्यंत थांबायचं. हल्लीच्या पेट्या बोलतातही आणि त्याच वेळी ऐकतातही. फार जुन्या पेट्यांना ते जमत नाही, त्या आळीपाळीनं बोलतात. पोर्ट आळीपाळीवर असला की त्याच्याखाली पिवळा दिवा लागतो, एरवी हिरवा. हे काही मला स्वतःला बदलता येत नाही. जसं लावाल तसं मी ऐकतो, आणि जे ऐकलं तेच खरं म्हणून ठासून सांगतो. हा माझा दुर्गुण समजा.

माझी जोडणी झाली ती कारखान्यातल्या निळ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या हातून. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा समोर पेंग यू-चिन उभी होती. ही या प्रयोगशाळेची मालकीण, सगळ्यांची पेंगताई. आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यावरच्या शेवयावाल्यालाही आमच्याकडे कोण पास झालं ते कळायचं. सकाळी आली की चहाचा पेला माझ्यापासून दूर ठेवायची आणि विचारायची, "काय महाराज, आज कुणाची झडती?" मग पाहुण्याची पेटी बघून माझा एकेक पोर्ट स्वतः लावायची. तारेवर बोट ठेवून, मोठ्यानं वाचत वाचत. किती सुखाचे दिवस होते ते!

मग मला गोठायची खोड लागली. ऐन तपासणीत, एका मोठ्या कंपनीची माणसं समोर बसलेली, आणि मी ढिम्म. पडदा काळा. ताईचा चेहरा एवढासा झाला. तिनं माझा पंखा बदलला आणि त्याच दुपारी जाऊन हिरवी पुडी आणली.

ही पुडी म्हणजे नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. आमच्याकडे बँकेत, इस्पितळात, कारखान्यात, जिथे म्हणून यंत्र आहे तिथे ही पुडी असते. हिरवीच लागते. पिवळी ठेवली तर यंत्राला धोक्याची खूण केल्यासारखं होतं. तारीख उलटलेली चालत नाही, आणि ती कुणी फोडून खाल्ली तर त्याची काही धडगत नसते. ताईनं पुडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली, हात जोडले आणि सांगून टाकलं, "ही आहे तोवर याच्या कशालाही कुणी हात लावायचा नाही. चाललंय ना? चालू दे."

मी पुन्हा गोठलो नाही. खरं तर नव्या पंख्यानं मला गार ठेवलं होतं, पण नाव झालं पुडीचं.

आता घोटाळा कुठे झाला तो ऐका. त्याच सकाळी एका जुनाट सूतगिरणीची पेटी आली होती, आळीपाळीनं बोलणारी. तिच्यासाठी ताईनं माझा सहावा पोर्ट आळीपाळीवर लावला होता. काम झाल्यावर तो परत फिरवायचा, पण तेवढ्यात मी गोठलो, धावपळ झाली आणि ते राहूनच गेलं. लावलेलं मी विसरत नाही, बंद करून चालू केलं तरी. सहाव्याचा पिवळा दिवा जळत राहिला, आणि पुडीचं फुगीर पोट नेमकं त्याच्यावर टेकलं. रोजच्या पाहुण्यांना पहिले चार पोर्ट पुरायचे, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. ताईचं ते सकाळचं मोठ्यानं वाचणं मात्र बंद पडलं.

अशात एक दिवस जियान वेन-शियोंग आला. पन्नाशी ओलांडलेला, स्कूटरवर छातीला वारा लागू नये म्हणून जाकीट उलटं घातलेला, गुंड्या पाठीवर. मागे स्कूटरवर बायको बाओ-चू, मांडीवर पेटी घेऊन. जियाननं सगळी उमर एका कंपनीत दुसऱ्यांच्या पेट्या दुरुस्त करण्यात घालवली. एकदा त्यानं स्वतःची पेटी काढायचं म्हटलं, तर साहेब सगळ्यांदेखत हसले होते, "जियान, तुझ्या हाताला ठिगळं लावायची सवय, कापड विणायची नाही." तो नोकरी सोडून घरी बसला आणि त्यानं ही पेटी केली. बंदरावरच्या मासळी-लिलावाच्या मंडपात ती बसायची होती. आमच्याकडे पास झाली तर.

"एकदाच लावा, ताई," जियान म्हणाला. "दुसऱ्यांदा लागायचीच नाही."

"बघा, बघा. घरात हरवलेला चष्मा सापडत नाही, पण ऐट बघा!" बाओ-चू म्हणाली. पण नवऱ्याच्या जाकिटावरची धूळ झटकताना तिचा हात किती हळू फिरत होता ते मी पाहिलं.

पहिले चार पोर्ट मोठ्या कंपनीच्या लांबलचक तपासणीत अडकलेले. ताई म्हणाली, "पाचवा-सहावा देते, दादा. काय फरक पडतो?"

फरक पडला. पेटी बोलता बोलता ऐकणारी, आणि माझा सहावा कान आळीपाळीवर. तिचं बोलणं माझ्या बोलण्यावर आदळत होतं आणि मी म्हणत होतो, हरवलं, हेही हरवलं. पडदा लालेलाल झाला.

जियान पेटी उचलून घेऊन गेला. भाग बदलून परत आणली, पुन्हा पाचवा-सहावा, पुन्हा लाल. या वेळी बाओ-चू पुढे झाली.

"ताई, राग मानू नका. पण हे यंत्रच चुकत असेल तर?"

पेंगताईनं हात पुढे केला. पुडीपाशी येऊन थांबला तो. "वर्ष होत आलं, एकदाही गोठला नाही हो," ती पुटपुटली.

उचल ना, मी म्हणत होतो. उचल ती पुडी, बघ माझ्याकडे! पण मला तोंडं आठ असली तरी हे बोलायला एकही नाही.

आणि जियानच म्हणाला, "नको, नको, हात नका लावू. चांगलं चाललेलं यंत्र माझ्यापायी बिघडायला नको. त्याचं माझं काय वैर आहे? खोट माझ्यातच आहे. साहेब काही उगीच हसले नव्हते."

मित्रांनो, त्या क्षणी मी पुन्हा गोठलो असतो तर फार बरं झालं असतं. त्यानं स्वतःच्या हातांपेक्षा माझा शब्द खरा मानला. आणि मी तिथे दिवे लावून बसलो होतो.

तिसऱ्यांदा त्यानं आणलेली पेटी वेगळीच होती. माझं समाधान व्हावं म्हणून त्यानं तिचा वेग काढून घेतला होता आणि तिला आळीपाळीनं बोलायला लावलं होतं. ती थांबून थांबून बोलली, मी थांबून थांबून ऐकलं. एकही निरोप हरवला नाही. 'पास, खालची श्रेणी,' मी पडद्यावर दिमाखात सांगितलं. ताईनं टाळी वाजवली, खालून शेवयावाला ओरडला, "झाली का एकदाची?"

"झाली," बाओ-चू म्हणाली. "पळणाऱ्या पोराचे पाय बांधले आणि आता म्हणायचं, बघा कसं शहाणं आहे."

"गप गं," जियान म्हणाला. त्यानं पिशवीतून नवीकोरी हिरवी पुडी काढली. माझ्यासाठी आणली होती! माझ्यापुढे वाकून तो म्हणाला, "तुमचे उपकार झाले. माझी चूक मला दाखवलीत." मला! चुलीत घाला म्हणावंसं वाटलं हो स्वतःला.

नवी ठेवायची म्हणून ताईनं जुनी पुडी उचलली, आणि तिला सहाव्या पोर्टाचा पिवळा दिवा दिसला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पुडी हातात तशीच. जियान पेटीच्या तारा गुंडाळत होता, बाओ-चू पिशवी आवरत होती, कुणाचंच लक्ष नव्हतं. नवी पुडी जागेवर ठेवली असती की संपलं. आणि मलाही वाटलं, ठेव ताई, झाकून टाक मला. पेटी पास झालीय, तो हसत घरी जातोय, आता कशाला? हे मला वाटलं, मित्रांनो. चुकीचं लावलं ते दुसऱ्यानं, पण हे वाटलं ते माझं मलाच. त्याची लाज कुठल्याही पोर्टातून बाहेर जात नाही.

पेंगताई माझ्याहून मोठी निघाली. "जियानदादा, थांबा," ती म्हणाली. तिचा तो खणखणीत आवाज बसला होता. "सहावा आळीपाळीवर राहिलाय. माझ्या हातून. तुमची पहिली पेटी... ती चांगलीच असणार."

जियान तारा गुंडाळतच राहिला. मग म्हणाला, "पहिली कुठली? तिचेच भाग काढून ही केली ना."

"मी विचारलं होतं!" बाओ-चू कडाडली. "तोंड वर करून विचारलं होतं की नाही? आणि तुम्ही दोघं त्या खाऊच्या पुडीला घाबरलात! ताई, हा माणूस जेवत नव्हता. ताटावरून उठून आरशासमोर स्वतःचे हात बघत उभा राहायचा. ते कुठे मोजलं का या तुमच्या महाराजांनी?"

पेंगताई कमरेत वाकली. वाकली ती वाकलीच, जियान "अहो उठा, उठा" म्हणत राहिला तरी. मग तिनं डोळे पुसले, त्या दोघांना माझ्यासमोर बसवलं आणि एकेक पोर्ट नव्यानं लावला, तारेवर बोट ठेवून, मोठ्यानं वाचत. सहाव्याचा दिवा हिरवा झाला. मला वाटलं होतं, तेव्हा तरी हलकं वाटेल. कसलं काय.

जियाननं पेटी पुन्हा पहिल्यासारखी केली. मंडपवाले थांबले होते, तिकडचं काही बिघडलं नव्हतं. तो आला त्या दिवशी तारा जोडायच्या आधीच ताईनं त्याला माझे दिवे दाखवले. मग मी सुटलो. होता नव्हता तेवढा जोर लावला, दोन्ही बाजूंनी एकदम, इतका की दुसरी एखादी पेटी घाबरली असती. तिनं एक निरोप सांडला नाही. वरची श्रेणी! अशी पेटी मी फार थोड्या वेळा पाहिलीय.

ताई टाळी वाजवणार होती. जियाननं विचारलं, "आणखी एकदा बघता का?"

पुन्हा बघितलं. हिरवं.

"पोर्ट बदलून बघता?"

पोर्ट बदलले. हिरवं. तो पडद्याकडे बघेना, स्वतःच्या हातांकडे बघत होता. "चुकून तर पास होत नाही ना, ताई? नाही म्हणजे... एकदा आणखी..."

मित्रांनो, मी त्याची पेटी नापास केली होती ते एका पोर्टाच्या फेरफारानं दुरुस्त झालं. पण 'एकदाच लावा' म्हणत आत आलेला तो माणूस मला परत करता आला नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या एखाद्या यंत्रानं, परीक्षेनं किंवा वर्गातल्या कुणी तुम्हाला वाईट ठरवलं, तर रडायच्या आधी त्याचे कान कसे लावलेत ते बघायला मागा. खुशाल मागा. आणि तपासणारे तुम्ही असाल तर कुणी मागायची वाट बघू नका. आमच्यासारख्यांची काळजी घ्यायची म्हणजे आमच्यापुढे हात जोडायचे नाहीत, रोज सकाळी आमच्यावर संशय घ्यायचा.

त्या दिवशी चौथ्यांदा तपासणी करायला ताईनं हात पुढे केला, तेव्हा बाओ-चूनं सरळ माझ्या तारा उपटल्या.

"पुरे झालं," ती म्हणाली. तिनं पेटी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर दाबून धरली. "हे सांगतंय म्हणून नाही. मी सांगतेय. चांगली आहे. चल घरी, जेवून घे."

जियाननं मान हलवली आणि तो तिच्यामागून निघाला. दारापाशी जाऊन त्यानं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. माझे आठही दिवे हिरवे होते, आणि त्याला ते खरे वाटले नाहीत.