मोतीचं मरण लांबलं

घरात तिला बारकी म्हणायचे. दाराच्या चौकटीला कपाळ आपटायला लागल्यावरही कुणाला ते नाव बदलावंसं वाटलं नाही. त्या घरात एकदा ठरलेली गोष्ट बदलायची तर बैठक घ्यावी लागे, आणि बैठक घेतली की आत्या बोले.

बारकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. का, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "माणसांची व्हायचं नाही म्हणून." लेखी परीक्षा तिने झकास दिली होती. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन ती पिंजरे धूत होती, बोचकारणारी मांजरं धरत होती, आणि कुत्र्याच्या शेपटीखालच्या दोन ग्रंथी दाबून रिकाम्या करायलाही शिकली होती. 'मला लहानपणापासून प्राणी फार फार आवडतात' म्हणणाऱ्या मंडळींना या ग्रंथींचा पत्ताही नसतो, आणि बारकी त्यांना तो आवर्जून सांगत असे, शक्यतो जेवताना.

राहिला होता अर्जासोबतचा निबंध आणि मग मुलाखत. निबंधाचा विषय होता, 'मला पशुवैद्य का व्हायचे आहे'. बारकीने लिहिलं, 'मला या कामाची किळस येत नाही आणि चावलं तरी मी हात सोडत नाही.' पेनाला टोपण लावलं. तिच्या दृष्टीने निबंध संपला होता.

बाबांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी तिला सरांकडे नेलं.

सर म्हणजे प्रवेशाचे सर. टायरच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. भिंतभर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात स्टेथोस्कोप आणि कुशीत ससा. बारकीने नीट पाहिलं. विद्यार्थी वेगवेगळे होते. ससा तोच होता.

सरांनी निबंध दोन बोटांत धरला. "यात मेलंय कोण?"

"कुणी नाही," बारकी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. वरचे मार्क हवे असतील तर निबंधात एक जनावर मांडीवर जावं लागतं. बाहेर पाऊस, आत तुम्ही, ते शेवटचं तुमच्याकडे बघतं आणि तुम्ही पशुवैद्य व्हायचं ठरवता. घरात काय पाळलंय?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले.

मुलीला एकही लस दिलेली नाही असं कळल्यासारखं सरांनी बाबांकडे पाहिलं. "मग एवढी वर्षं केलंत काय तुम्ही?"

बाबा खरोखरच ओशाळले. बारकीला त्यांची दया आली आणि लगेच त्या दयेचा रागही आला.

"असो. निबंध मी आजच पाठवून देतो," सर म्हणाले. "मोती नावाचा कुत्रा. माझ्याकडे तयार आहे. पण मुलाखतीत खोदून विचारतात, तेव्हा डोळ्यात पाणी खरंच यायला हवं. तुम्ही मरणाला टेकलेला एखादा बघून ठेवा. मुलाखतीपर्यंत आटोपेल."

"आणि नाही आटोपलं तर?" बारकीने विचारलं.

"ताई, जरा पॉझिटिव्ह राहायला शिका."

कुत्रा आत्याने मिळवला. तळमजल्यावरचे भाडेकरू घर सोडून चालले होते आणि त्यांच्या नव्या घरात म्हाताऱ्या कुत्र्याला जागा नव्हती. "गॅरंटी आहे," आत्या म्हणाली. "खात नाही, उठत नाही, डावा डोळा पांढरा पडलाय. आठवडा काढला तर माझं नाव बदला." पिकलेलं फळ घासाघीस करून आणावं तसा तिचा चेहरा फुलला होता.

कुत्रा आला आणि थेट सोफ्यावर आडवा झाला. दूध पुढे केलं, तोंड फिरवलं. अंडं पुढे केलं, तोंड फिरवलं. बाबा डाव्या बाजूने कुरवाळायला गेले, त्यांच्या बाहीचं बटण गेलं.

"जावईबापू आलेत म्हणायचे," आत्या म्हणाली. "पडून राहायचं, वाढलेलं नाकारायचं आणि वर सगळ्यांवर गुरकावायचं." तेच नाव पडलं. निबंधातलं मोती हे नाव त्याच्या अंगावर कुणालाच बसवता आलं नाही.

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने उजव्या, चालू डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या तुच्छतेने तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं असेल तर ते आरशातून.

घरात वाट पाहणं सुरू झालं. बाबा रोज संध्याकाळी बारकीला सोफ्यावर बसवून जावईबापूंचं डोकं तिच्या मांडीवर ठेवायचे आणि फोटो काढायचे. न जाणो, नेमक्या वेळी मोबाइलची बॅटरी संपलेली असली तर. सर रोज फोन करायचे.

"झालं का?"

"नाही, सर."

"काही लक्षणं?"

"मघाशी शिंकला."

"छान, छान. धीर सोडू नका."

मांडीवरच्या या तालमीतच बारकीच्या लक्षात आलं की डोकं उजव्या कुशीवर टेकवलं तर जावईबापू गप्प पडून राहतात आणि डाव्या कुशीवर टेकवलं तर किंचाळतात. डाव्या डोळ्याखाली बोर मावेल एवढी सूज होती. तोंडाचा वास तर असा, की आत्या खिडकीत बसून जेवायला लागली होती. म्हातारपणाचा वास बारकीला दवाखान्यात राहून माहीत झाला होता. हा तो नव्हता. तिने त्याचा ओठ वर उचलला. त्याने तिचा अंगठा चावला. तिने ओठ सोडला नाही, आणि आत बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला दवाखान्यात उचलून नेलं आणि तो घरात कशासाठी आणलाय तेही सांगितलं. डॉक्टर कमी बोलणारे होते, आणि बोलत तेही बहुतेक जनावरांशी.

"दाढ किडलीय रे तुझी," ते जावईबापूंना म्हणाले. "मुळाशी पू झालाय. खाशील कसा?" मग बारकीकडे वळले. "हृदय ठीक आहे. भुलीचा थोडा धोका आहे, पण दाढ काढली तर अजून दोन-तीन वर्षं हा कुठे जात नाही. नाही काढली तर पू पसरेल आणि तुमच्या सरांच्या मनासारखं होईल."

सगळं घोडं तिथेच येऊन अडलं. निबंध पोचला होता. त्यात मोती पावसात मेला होता. कुत्रा जगला की निबंध खोटा, आणि निबंध खोटा ठरला की वर्ष गेलं. पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा टायरच्या दुकानावरचा जिना, पुन्हा तो ससा. बारकीने टेबलावर पडलेल्या त्या धुडाकडे पाहिलं. त्याच्याबद्दल तिला तसूभरही प्रेम वाटत नव्हतं. पण किडलेली दाढ स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर ओठ खाली सोडून घरी जायचं आणि रडायचा सराव करायचा, हे काही तिच्याच्याने होईना.

"काढा," ती म्हणाली. "मी धरते."

दाढ निघाल्यावर जावईबापू दोन दिवस मऊ भातावर राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आत्याची चप्पल खाल्ली. मग दुसऱ्या पायातली. मग सोफ्याचा हात. घरात एकटं ठेवलं तर ते शेजाऱ्यांचं पायपुसणं दाराखालून ओढून घ्यायचे. आत्या नाव बदलण्याविषयी काही बोलली नाही.

सरांना ते फोनवर कळलं. "बरा केलात? कुणाला विचारून?"

"दाढ होती, सर."

"अहो, प्रत्येकाची काही ना काही दाढ असतेच! म्हणून काय मरायचं कुणी थांबतं का? आता एक करा. मुलाखतीत विचारलं की मान खाली घालायची आणि म्हणायचं, 'गेला, वयाने गेला.' आणि त्याला बाहेर कुठे दिसू देऊ नका."

मुलाखतीच्या दिवशी बाबा आणि आत्या दोघंही बारकीसोबत निघाले. एकाने घरी थांबावं हे दोघांनाही मान्य होतं, फक्त ते दुसऱ्याने थांबावं. म्हणून जावईबापूही निघाले. कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर तिघं बसली आणि बाबांनी जावईबापूंवर आपला कोट पांघरला. कोट श्वास घेत होता.

आत टेबलापलीकडे तिघं होते. मधे बाई, हातांवर जुने ओरखडे. उजवीकडे एक टकले प्राध्यापक. डावीकडे एक गृहस्थ डोळे मिटून विचार करत होते, किंवा नुसतेच डोळे मिटून होते.

बाईंनी कागद उलटला. "मोती," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, थकवा होता. "पाऊस पडत होता?"

"निबंधात पडत होता," बारकी म्हणाली.

"मांडीवर गेला?"

मान खाली घालायची वेळ हीच होती.

"सकाळपासून हा पाचवा मोती," बाई टकल्यांना म्हणाल्या. "पाचही पावसात, पाचही मांडीवर. या गावात मोती नावाच्या कुत्र्याला घराबाहेर काढू नये असा नियम करायला हवा." मग बारकीला म्हणाल्या, "बोला. कशाने गेला?"

बारकीच्या डोळ्यांपुढे सर आले, आणि चार मांड्या आल्या, रांगेने, ओल्या.

"गेला नाही," ती म्हणाली. "बाहेर बाकावर आहे. कोटाखाली. निबंध सरांनी आधीच पाठवला आणि मग कुत्रा आणला. तो मरायचा होता. पण वरची डावी दाढ किडली होती, मुळाशी पू होता. ती काढली, म्हणून राहिला."

डावीकडच्या गृहस्थांनी डोळे उघडले.

"म्हणजे," टकले प्राध्यापक म्हणाले, "निबंध खोटा."

"हो."

"आणि तो खरा होऊ घातला होता, तर तुम्ही इलाज केलात."

"हो."

बाई उठल्या. "दाखवा."

सगळे व्हरांड्यात आले. बाबा ताडकन उभे राहिले आणि "हा आमचा नाही," असं कुणी न विचारता म्हणाले. आत्याने कोट काढला. जावईबापूंनी समितीवर एक डोळा फिरवला आणि जांभई दिली.

"डावीकडून जाऊ नका," बारकी म्हणाली. "तिकडचं दिसत नाही, दचकतो आणि चावतो."

"बाळ, मी तीस वर्षं शिकवतोय," म्हणत टकले प्राध्यापक डावीकडून गेले.

आरडाओरडा ओसरल्यावर बारकी उजवीकडून आली, जावईबापूंना हुंगू दिलं, एका हाताने मुस्कट धरलं आणि अंगठ्याने ओठ वर केला. दाढेची जागा गुलाबी भरून आली होती. बाईंनी वाकून पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"प्राणी आवडतात तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सरसकट नाही."

"हा?"

"हा तर बिलकूल नाही," बारकी म्हणाली. तिने ओठ हलकेच खाली सोडला आणि अंगठ्यावरची लाळ त्याच्याच मानेला पुसली. जावईबापूंनी हरकत घेतली नाही.

निकाल लागला. निबंधाला तिला शून्य मिळालं होतं. टकल्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने मुलाखतीचे किती दिले ते कळलं नाही, पण बाईंनी भरपूर दिले असावेत, कारण प्रतीक्षा यादीत तिचं नाव अगदी शेवटी का होईना, होतं. मग उरलेल्या चारही मोतींची चौकशी झाली, एकही मोती कधी जिवंत असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि यादी सरकत सरकत बारकीपर्यंत आली.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाजात मध होता.

"बघा! मी म्हणत नव्हतो? अभिनंदन. तुमचा फोटो भिंतीवर लागतोय. ससा मी बघतो. आणि हो, निबंध नवा केलाय. पुढच्या बॅचला मोती मरत नाही. त्याची दाढ किडते."

"सगळ्यांच्या मोतींची?"

"वरची डावी. मार्क चांगले मिळतात तिला." सर पुढे म्हणाले, "एक विनंती होती. तो कुत्रा एकदा क्लासला आणाल? मुलांसमोर मी स्वतः त्याचं तोंड उघडून दाखवीन म्हणतो."

बारकीने सोफ्याकडे पाहिलं. जावईबापू सोफ्याचा दुसरा हात खात होते.

"आणते की," ती म्हणाली. "फक्त तुम्ही डावीकडून या, सर."