पोडियमवरचा नारळ

मित्रांनो, फणसाच्या झाडाला जन्मभर वाटत असते की आपले नाव होणार ते गऱ्यांमुळेच. मलाही तसेच वाटत होते. फळे धरायची, पोरांना अंगाखांद्यावर चढू द्यायचे आणि म्हातारपणी कुणाच्या तरी घराची तुळई व्हायचे, एवढाच माझा बेत. पण मी झालो पोडियम. भाषण करणारी माणसे ज्याच्यामागे उभी राहतात आणि ज्याला घट्ट धरून हातांची थरथर लपवतात, तो मी. ओरोसच्या बाजूला विद्यापीठाचे एक लहानसे केंद्र आहे. त्याच्या सभागृहात माझी बरीच वर्षे गेली.

मला घडवले बाळा मेस्त्रींनी. आमच्याकडे सुताराला मेस्त्री म्हणतात. त्यांनी आयुष्यभर घरांच्या चौकटी केल्या, देव्हारे केले, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त केल्या. पोडियम मात्र कधी केला नव्हता. त्यांची मुलगी अस्मिता या केंद्रात मराठी शिकवते. केंद्राने सर्वांसाठी व्याख्याने, चर्चासत्रे आणि गाण्याच्या मैफली सुरू करायचे ठरवले, तेव्हा तिने पोडियमचे काम वडिलांनाच सांगितले.

"ह्येच्यावर काय ठेवतत?" मेस्त्रींनी विचारले.

"बोलणाऱ्याचे कागद," असे म्हणून ती घाईघाईने बस पकडायला गेली.

मेस्त्री मात्र विचार करत राहिले. आमच्या मुलखात कुठलेही काम नारळ ठेवल्याशिवाय सुरू होत नाही. घराचे आढे चढवायचे असो की होडी पाण्यात लोटायची असो, आधी नारळ ठेवायचा, देवाला गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचे, आणि मगच कामाला हात लावायचा. चार लोकांसमोर उभे राहून बोलणे हे काय लहान काम आहे? आणि उतरत्या फळीवर नारळ ठेवला तर तो गडगडणार नाही का? म्हणून त्यांनी माझ्या बरोबर मध्यावर एक गोल खळगा कोरला. नारळ त्यात पाळण्यातल्या पोरासारखा बसायचा. बाकीच्या अंगावरून मेस्त्रींनी पॉलिश पेपर बेताने फिरवला, पण त्या खळग्यावर त्यांची एक अख्खी दुपार गेली. माझी ऐट काय सांगू तुम्हाला!

उद्घाटनाच्या दिवशी मेस्त्री इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. नारळ ठेवायला मंचावर वेगळे टेबल होते, त्यामुळे माझ्याकडे कुणी नारळ आणलाच नाही. लांबून आलेले पाहुणे माझ्यामागे उभे राहिले आणि त्यांनी आपले कागद पसरले. कागद मध्येच खचले. पेन घरंगळत खळग्यात गेले. पाण्याचा पेला ठेवला, तो कलंडला. पाहुणे मोठे मिश्कील. ते म्हणाले, "या पोडियमला भूक लागलेली दिसते. माझी टिपणे खाल्ली, आता पेन खातोय. करणाऱ्याने बहुतेक वाटण वाटायचा रगडा करायला घेतला असावा!"

सभागृह खो-खो हसले. मंचावर बसलेली अस्मिताही हसली. पाहुण्यांच्या मनात काही वाईट नव्हते, विनोदही वाईट नव्हता. पहिल्या रांगेत मेस्त्रीसुद्धा हसले, पण ते हसू ओठांवरच राहिले. चहाची वाट न बघता ते उठले, माझ्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि निघून गेले. त्या दिवसानंतर ते सभागृहात आले नाहीत. अस्मिताने कितीही वेळा बोलावले तरी त्यांचे उत्तर एकच, "काम आसा गो." लग्नसराईत काम, गणपतीत काम, आणि काहीच नसेल तेव्हाही काम. मला तर वाईट वाटलेच, पण माझ्यापेक्षा जास्त तिला वाटले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या खळग्यावर एक पुठ्ठा चिकटवला गेला आणि मी कामाला लागलो. इतिहास, भाषा, दशावतार, समुद्राकाठची जुनी बंदरे, किती विषय माझ्यावरून गेले! विद्वानांना मी चेहऱ्यापेक्षा हातांनी ओळखू लागलो. कुणी बोलताना माझ्या कडा कुरतडत, कुणी टकटक बोटे वाजवत. एका थोर गृहस्थांनी तर बोलण्याच्या भरात मला अशी थाप मारली की समोर डुलकी घेणारे तिघे एकदम जागे झाले. मैफलीच्या वेळी मला कडेला सरकवत. एका गायिकेने गरम पाण्याचा थर्मास माझ्यावर ठेवून तासभर भैरवी आळवली. त्या संध्याकाळी मी लाकूड असून हळवा झालो होतो. दर कार्यक्रमाला अस्मिता प्रास्ताविक करायला आणि आभार मानायला माझ्यामागे उभी राही. स्वतःचे व्याख्यान तिने कधी दिले नाही. प्रास्ताविक करताना तिची नजर दाराकडे जाई आणि तशीच परत येई.

पुढे काचेचा नवा पोडियम आला. त्याला दिवा होता, लवचीक मानेचा माईक होता. मग माझी रवानगी व्हरांड्यात झाली. पावसाळ्यात माझ्यावर ओल्या छत्र्या टांगल्या जात, उन्हाळ्यात मांजर झोपे. पुठ्ठा कधीच गळून पडला. खळग्यात कुणी चहाचे कप ठेवत, कुणी नारळाऐवजी हेल्मेट. मी तक्रार करत नाही, नुसते सांगतो.

मागच्या श्रावणातली गोष्ट. कोल्हापूरहून एक प्राध्यापक व्याख्यानाला यायचे होते. सकाळीच त्यांचा फोन आला की फोंडाघाटात दरड कोसळली आहे, गाडी पुढे जात नाही. निमंत्रण सगळ्यांच्या मोबाइलवर गेलेले होते. अस्मिता थोडा वेळ व्हरांड्यात माझ्याशेजारी उभी राहिली. मग तिने सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या सुदेशला हाक मारली.

"सुदेश, आज मी बोलतलंय. ह्याका आत घे."

"नवो आसा मा, मॅडम?"

"आसूंदे. माका ह्योच होयो."

सुदेशने मला पुसता पुसता हळूच विचारले, "बाबांका सांगल्यात?"

"सांगलंय. 'बघूया' म्हणालो बाबा."

संध्याकाळी लोक आले. पण पुढच्या दोन रांगा मोकळ्याच राहिल्या. आमच्या गावागावांत पुढची जागा मानकऱ्यांची असते. मानकरी कोण हे इथे कुणालाच ठाऊक नव्हते, तरी सगळ्यांनी त्यांच्यासाठी जागा सोडली आणि मागे दाटीवाटीने बसले. अस्मिता माझ्यामागे उभी राहिली. विषय तिने आपल्या अभ्यासातलाच घेतला होता, कोकणातली गाऱ्हाणी. पहिली पाने तिने अगदी पुस्तकी वाचली. खुर्च्या करकरू लागल्या. मग तिने कागद उलटे ठेवले, माझ्या खळग्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा खळगा नारळासाठी आहे. उद्घाटनाच्या दिवशी आपण सगळे याला हसलो. मीही हसले. खरे तर तो कशासाठी आहे हे पाहताक्षणी मला कळले होते. उठून सांगायला हवे होते, पण पाहुण्यांसमोर मला लाज वाटली. आमच्या घरी काम सुरू करण्याआधी माझे वडील कसे गाऱ्हाणे घालतात, ते आज सांगते."

आणि तिने वडिलांच्या चालीवर गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घराचा आडा चढता. जे चढवतत तेंच्या हाताक बळ दी. खाली उभे आसत तेंका सांभाळ. आणि ज्येंच्या डोळ्यात ह्या घर खुपता, तेंचाय भला कर रे म्हाराजा."

ती थांबली. मित्रांनो, गाऱ्हाण्याची रीत अशी की प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या मंडळींनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. ते म्हटले नाही तर गाऱ्हाणे अर्धे राहते. सगळ्यांच्या ओठांवर ते आले होते. पण विद्यापीठाचे सभागृह, समोर माईक, बोलणार कसे? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. माझ्या कडेवरची तिची पकड घट्ट झाली.

तेवढ्यात दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

बाळा मेस्त्री केव्हा येऊन बसले होते, कुणालाच कळले नव्हते. अंगावर कामाचाच सदरा होता.

अस्मिताने मान उंचावून दाराकडे पाहिले. मग सगळ्यांच्या देखत, माईकवरूनच ती म्हणाली, "बाबा, फुडे येवन बस."

"हयसर बरा आसा."

"थयसून तू माका दिसनस नाय."

मेस्त्री उठले. खुर्च्यांच्या मधून हळूहळू चालत आले आणि पहिल्या रांगेत बसले. त्यांच्यामागोमाग सुदेश आला, मग मागची सगळी माणसे खुर्च्या सरकवत पुढे आली. अस्मिताने पुढचे गाऱ्हाणे घातले, तेव्हा त्याला अख्ख्या सभागृहाने उत्तर दिले. माझ्या लाकडाला ते पायापर्यंत जाणवले.

कार्यक्रम संपल्यावर मेस्त्री माझ्यापाशी आले. खाली वाकून त्यांनी माझा एक पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो सुटलोहा. फाल्या हत्यारा घेवन येतंय." त्या 'उद्या येतो'साठी अस्मिता कितीतरी वर्षे थांबली होती. ती मान फिरवून डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, आम्हा लाकडी मंडळींवर ओल्या छत्र्या टांगू नका, हे तर मी सांगणारच. पण कुणी बोलायला उभे राहिले, तर पुढे येऊन बसा. मानकऱ्यांची वाट बघू नका. आणि एखाद्याने मन लावून केलेल्या गोष्टीचे हसू आले, तर खुशाल हसा; मात्र हसून झाल्यावर त्याला विचारा, 'हे असे का केलेस?' कोणीतरी ते विचारेल म्हणून तो इस्त्रीचा सदरा घालून तुमच्याच पुढे बसलेला असेल.