खाटीकदादाने कापलेले श्वास

मित्रांनो, मी एक जुना, डोक्याला पोचे पडलेला माईक आहे. पोचे मोजत बसू नका. प्रत्येकामागे एकेक मारामारी आहे आणि मी सांगायला लागलो की मला आवरणं कुणाला जमत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तारेचं वेटोळं बसवलं, तोंडावर पोलादी जाळी ठोकली आणि नोकरीला धाडलं ते थेट मुष्टियुद्धाच्या रिंगणात. काय ते वैभव! पंच मला तोंडाशी धरून गर्जायचा आणि हरलेला गडी मलाच हिसकावून पंचाच्या टाळक्यात घालायचा. एकाने तर रागाच्या भरात माझा कडकडून चावा घेतला. जाळी शाबूत राहिली, त्याचे पुढचे दात मात्र माझ्यात रुतून बसले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यातून कुणीही बोललं तरी शिट्टी वाजायची. खोटं वाटत असेल तर त्या दातांना विचारा.

पुढे रिंगण बंद पडलं आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला एका खाटकाने उचललं, आपल्या धाकट्या बहिणीसाठी.

दुकानाच्या वरच्या खोलीत त्याने कपड्यांचं कपाट रिकामं केलं, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी रजया टांगल्या आणि मांस लटकवायच्या लांब दांड्याच्या आकड्याला मला जखडून बहिणीच्या तोंडासमोर उभं केलं. बहीण दिवसभर खाली हाडं फोडायची. सुरा चालवून चालवून तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी झाली होती, म्हणून दादा तिला भाताच म्हणायचा. गळा मात्र असा गोड, की खाली गिऱ्हाईक मांस घ्यायचं विसरून नुसतंच उभं राहायचं.

शहरातल्या गायनमंडळात एक जागा रिकामी झाली होती. गाणं घरीच रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. निवड झाली तर तिच्या हातातला सुरा कायमचा सुटणार होता.

पण तिचा श्वास! ओळ संपली की ती हवा अशी खेचायची, की रजया आत ओढल्या जायच्या. एक माशी पहिल्या कडव्यात कपाटात शिरली होती, ती दुसऱ्या कडव्यानंतर कुणालाच दिसली नाही. मी तिच्या ओठांना खेटून उभा, त्यामुळे प्रत्येक श्वास माझ्या कानफटात बसायचा.

गाणं मंडळाकडे गेलं. मंडळाच्या बाईंचा फोन आला. "गळा चांगलाय हो, पण मधे मधे कुणाचा जीव घेताय?"

दादाने बाह्या सरसावल्या. "आण तो कॉम्प्युटर इकडे. आख्खा बोकड सोलतो मी, श्वास काय चीज आहे!"

पडद्यावर आवाजाची रेघ उमटली होती आणि दोन ओळींच्या मधे श्वासांचे बारके गोळे दिसत होते. "चरबी आहे ही, चरबी!" म्हणत त्याने एकेक गोळा छाटायला सुरुवात केली. खच्‌! खच्‌! एकही श्वास जिवंत सोडला नाही.

तेच गाणं पुन्हा धाडलं. बाईंचा पुन्हा फोन. "आता मढं गातंय. उद्या दुपारपर्यंत नीट पाठवा, नाहीतर जागा दुसरीला देते."

मग जी जुंपली, ती काय वर्णावी!

"तुझ्यामुळे झालं, खाटका!"

"माझ्यामुळे? म्हशीसारखे फुत्कार कोण टाकतं?"

तिने वजनाचं माप फेकलं, ते त्याच्या कपाळाला लागून रक्त आलं. त्याने तिची वेणी धरून तिला भिंतीवर ढकललं. तिने मला आकड्यासकट उचलून त्याच्या पाठीत हाणलं. कानामागचा हा खोल पोचा त्याच दिवसाचा. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली म्हणतात. मी तर कुत्र्यांना पळताना पाहिलं.

शेवटी धापा टाकत दादा म्हणाला, "गाणं संपेपर्यंत श्वास घ्यायचाच नाही. आहे हिंमत?"

"बघच तू!" भाता म्हणाली.

त्याने मला पुन्हा तिच्या तोंडासमोर उभं केलं आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. छाती हलू नये म्हणून बरगड्यांभोवती आपला चामडी पट्टा आवळला. ती गायला लागली. पहिलं कडवं झालं. माझ्या जाळीवर वाऱ्याची झुळूकही येईना. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी टरकलो. तिचे ओठ निळे पडत होते आणि ती हट्टाने गातच होती. सूर थरथरला, डोळे पांढरे झाले आणि ती मला कवटाळून कोसळली. आकड्याचा दांडा वाकला. तिचं डोकं कपाटाच्या फळीवर आपटलं.

दादाने सुरा काढून पट्टा एका झटक्यात कापला, चिमटा ओढून फेकला. "श्वास घे! अगं भात्या, श्वास घे ना गं! सोन्या, एकदाच घे!"

मित्रांनो, इथे मी पदरचं काही घालणार नाही. आला तो एक साधा, खरखरीत, ओला श्वास होता. तो ऐकून तो दांडगा खाटीक रजईत तोंड खुपसून रडला.

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून ती पुन्हा उभी राहिली. दादा वाकलेला दांडा सरळ करायला गेला.

"राहू दे रे. हात लावलास तर तोडीन तो," ती म्हणाली.

वाकल्यामुळे मी आता तिच्या तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला तिरका उभा होतो. ती गायली. सूर पूर्वीसारखाच माझ्यापर्यंत पोचला, पण श्वासाचा झोत माझ्या कानाजवळून निघून गेला. एवढं साधं होतं! त्यासाठी दोन डोकी फुटली.

दादा कॉम्प्युटरपुढे बसला. श्वासांचे गोळे आता चिमुकले दिसत होते. छाटायचं बटण त्याच्या बोटाखाली होतं. त्याने बोट उचललं. एकेक श्वास त्याने थोडा हळू केला, निजलेल्या लेकराजवळ आपण बोलणं हळू करतो तसा. कापला एकही नाही.

बाईंचा फोन आला. "सोमवारपासून पाठवा तिला. पण शेवटच्या कडव्याआधी श्वास ऐकू येतोय हं."

"येणारच बाई," दादा म्हणाला. "जिवंत आहे ती."

तेव्हा मित्रांनो, घरी गाल तेव्हा मला तोंडात घालू नका. मला वीतभर लांब, जरा तिरकं उभं करा. श्वास मोठा वाटला तर हळू करा, त्याची खांडोळी करू नका. मला आपटलंत तर मी पोचा सहन करीन, आमचं सगळं आयुष्यच त्यात गेलं. पण गाता गाता कुणी निळं पडायला लागलं, तर गाणं गेलं खड्ड्यात. आधी पट्टा कापा.